प्रश्न कोणाचा, भाषा कोणाची? : लैंगिक व प्रजनन आरोग्यशिक्षणाच्या मराठी व्यवहाराची चिकित्सा (नंदुरबार जिल्ह्यातील नागरी वस्त्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

आरोग्यशिक्षण हा सामान्यतः वैद्यकाचा आणि शासनव्यवहाराचा विषय मानला जातो. त्याचे मूल्यमापनही त्याच अंगाने होते. किती शिबिरे झाली, किती पत्रके वाटली गेली, किती लाभार्थी उपस्थित राहिले, यांची नोंद अहवालात होते आणि कार्यक्रम यशस्वी ठरतो. परंतु आरोग्यशिक्षण हा मुळात भाषेचा व्यवहार आहे. कोणीतरी कोणाला तरी, विशिष्ट शब्दांत, त्याच्याच शरीराविषयी काही सांगत असते. सांगणारा कोण, ऐकणारा कोण, शब्द कोणाचे आणि मुख्य म्हणजे मूळ प्रश्न कोणाचा, हे साहित्यसमीक्षेला परिचित असलेले प्रश्न येथेही तितकेच लागू पडतात. लैंगिक आणि प्रजनन आरोग्याच्या बाबतीत तर ते टाळताच येत नाहीत, कारण या क्षेत्रात रोगाच्या आधी शब्दच आडवा येतो.

प्रस्तुत लेखात या शिक्षणाच्या मराठीतील व्यवहाराचे चार टप्पे समीक्षेसाठी घेतले आहेत : र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य', कुटुंबनियोजनाची आणि एड्स-जागृतीची घोषणाभाषा, गडचिरोलीतील डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांचे काम आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील अभ्यास व उपक्रम. या चारांच्या आधारे नंदुरबार जिल्ह्यातील लहान शहरांच्या वस्त्यांसमोर आज कोणता प्रश्न उभा आहे, याचा विचार केला आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, हे शिक्षण ऐकणाऱ्याच्या प्रश्नापासून सुरू होते तेव्हाच ते शिक्षण असते. उत्तर आधी तयार ठेवून त्याला श्रोते शोधले जातात तेव्हा तो केवळ प्रचार होतो.

१. 'समाजस्वास्थ्य' : प्रश्नाला दिलेली प्रतिष्ठा

रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२-१९५३) यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले होते. म्हणजे या विषयात मराठी समाज जगाच्या मागे नव्हता. निदान त्यातील एक माणूस तरी नव्हता. या कार्यामुळे कर्व्यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापकपद सोडावे लागले. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले आणि ते मृत्यूपर्यंत, म्हणजे २६ वर्षांहून अधिक काळ, चालू ठेवले.

या मासिकाचे महत्त्व त्यातील लेखांइतकेच वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांतही आहे. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, गर्भधारणा, दांपत्यजीवनातील असमाधान अशा विषयांवरील प्रश्न वाचक विचारीत आणि कर्वे त्यांना सरळ, आडपडदा न ठेवता उत्तर देत. १९३४ मध्ये त्यांच्यावर जो खटला झाला तो याच उत्तरांमुळे. त्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, ही त्यांची भूमिका होती. खटल्यात कर्व्यांना दंड झाला. मात्र कायद्याने शिक्षा कशाला दिली हे लक्षात घेण्याजोगे आहे. शिक्षा झाली ती सामान्य माणसाच्या प्रश्नाला प्रश्न म्हणून उत्तर दिल्याबद्दल.

कर्व्यांच्या लेखनाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्यांनी कामसुख हा स्त्रीचाही अधिकार मानला. पुढील काळातील बहुतेक आरोग्यशिक्षणातून हा विचार नाहीसा झाला, हे पुढे दिसेल.

तरीही या व्यवहाराच्या मर्यादा स्पष्टपणे नोंदविल्या पाहिजेत. प्रश्न विचारण्यासाठी अक्षरओळख हवी, टपालखर्च हवा, मासिक हाती पडायला हवे आणि आपली अडचण प्रमाण मराठीत मांडता यायला हवी. गिरणगावातील चाळीत किंवा खानदेशातील पाड्यावर राहणाऱ्या स्त्रीजवळ यांपैकी काहीच नव्हते. कर्व्यांचा वाचक हा मुख्यतः शिकलेला, शहरी आणि बहुतांशी पुरुष होता. त्यांची शैली तर्ककर्कश होती, ती वाद जिंकणारी होती. ज्याला वादच घालायचा नाही, केवळ भीती सांगायची आहे, अशा व्यक्तीसाठी त्या शैलीत जागा कमी होती.

कष्टकरी वर्गाच्या दृष्टीने या विषयाची मांडणी डॉ. आंबेडकरांच्या पक्षाने विधिमंडळात केली. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसारासाठी सरकारने साधने उपलब्ध करावीत अशा आशयाचा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला. वारंवारच्या बाळंतपणाने स्त्रीचे आरोग्य आणि गरीब कुटुंबाची स्थिती दोन्ही खालावतात, हे त्यामागील सूत्र होते. ठराव फेटाळला गेला. तो संमत झाला असता तर कर्व्यांचे पान वस्तीपर्यंत कसे गेले असते, हा तर्काचा विषय आहे. न गेल्यामुळे काय झाले, हे मात्र पुढच्या इतिहासात दिसते.

२. घोषणेची भाषा : संख्या आणि भीती

स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, भारताने कुटुंबनियोजनाचा शासकीय कार्यक्रम हाती घेतला. शकुंतला परांजपे यांच्यासारख्या कर्व्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. पण कार्यक्रमाची भाषा हळूहळू बदलत गेली. प्रश्नोत्तराची जागा घोषणेने घेतली. लाल त्रिकोण, दोन मुलांचे हसरे चित्र आणि लहान कुटुंबाचे गुणगान भिंतोभिंती झळकले. घोषणेचे व्याकरण आज्ञार्थी असते. तिला प्रतिप्रश्न विचारता येत नाही.

आणीबाणीत (१९७५-७७) या आज्ञार्थाचे खरे रूप समोर आले. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही, परंतु त्या काळातील शिबिरांनी गरीब वस्त्यांमध्ये निर्माण केलेला अविश्वास विधेयकाबरोबर संपला नाही. पुरुष नसबंदीपासून दूर गेले आणि कार्यक्रमाचा भार स्त्रियांच्या शरीरावर आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४९ टक्के स्त्रियांनी नसबंदीचा मार्ग स्वीकारलेला होता. पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. बोलीत 'ऑपरेशन झालं का?' हा प्रश्न स्त्रीलाच विचारला जातो आणि त्यात कोणते ऑपरेशन हे सांगावे लागत नाही. एका सामान्यनामाने एका लिंगाची जबाबदारी अशी कायमची नोंदवून ठेवली आहे.

१९८६ मध्ये भारतात एचआयव्हीची लागण प्रथम आढळली आणि १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. या दशकात घोषणेची भाषा संख्येकडून भीतीकडे वळली. शरीराविषयी उघडपणे बोलण्याची संधी एड्सने दिली हे खरे. परंतु बोलणे झाले ते मृत्यूच्या छायेत. ज्या तरुणाने लैंगिकतेविषयी पहिला शब्द ऐकला तो कवटीच्या चित्राखाली, त्याला त्या विषयात सुख, संमती किंवा जिव्हाळा असू शकतो हे कोणी सांगितले नाही.

कैरो येथील १९९४ च्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या व विकास परिषदेने लक्ष्याधारित कार्यक्रमाऐवजी प्रजनन आरोग्य आणि हक्क हा विचार पुढे आणला. १९९६ मध्ये भारताने लक्ष्यमुक्त धोरण स्वीकारले आणि १९९७ मध्ये प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम सुरू झाला. धोरणाची भाषा बदलली, पण भिंतीवरची भाषा तितक्या वेगाने बदलली नाही. शाळेतील लैंगिक शिक्षणाविषयी २००७ मध्ये महाराष्ट्रात उठलेला गदारोळ आणि त्यानंतर शासनाने दिलेली स्थगिती हे त्याचे उदाहरण होय. कर्व्यांवरील खटल्यानंतर ७३ वर्षांनी त्याच महाराष्ट्रात तोच आक्षेप संस्कृतीच्या नावाने पुन्हा घेतला गेला.

३. शब्दांचा पडदा

मराठीत या विषयाचे दोन शब्दसंग्रह शेजारी शेजारी नांदतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. पहिला पाठ्यपुस्तकी : गर्भाशय, योनिमार्ग, मासिक पाळी, गर्भपात, जननेंद्रिय. दुसरा घरातला : पिशवी, अंगावरून जाणे, बाहेरची होणे, कावळा शिवणे, दिवस जाणे, पोट पाडणे, मोकळी होणे.

हे दोन्ही शब्दसंग्रह निर्दोष नाहीत. 'बाहेरची होणे', 'बाजूला बसणे', 'कावळा शिवणे' हे शब्दप्रयोग शरीरात काय घडते ते सांगत नाहीत. त्या स्त्रीने कोठे बसावे आणि तिला कोणी शिवू नये, एवढेच ते सांगतात. म्हणजे शब्दातच शरीराऐवजी विटाळाची व्यवस्था आहे. परंतु सुशिक्षित शब्दही तटस्थ नाहीत. 'स्वप्नदोष' हा शब्द एका नैसर्गिक क्रियेला नावातच दोष ठरवितो. 'गुप्तरोग' या शब्दाने रोग लपविण्याची सूचना रोग्याला आधीच मिळते. कर्व्यांसारख्या निर्भीड लेखकालाही 'गुप्तरोगापासून बचाव' असेच शीर्षक द्यावे लागले, यावरून भाषेचा दाब किती होता हे लक्षात येते. रस्त्याकडेच्या तंबूतील वैद्य आणि रेल्वेच्या कडेच्या भिंतींवरील जाहिराती याच दोन शब्दांवर आपला धंदा चालवितात. मराठी आरोग्यशिक्षणाने त्यांना पर्यायी शब्द दिला नाही, म्हणून बाजाराला तयार गिऱ्हाईक मिळाले.

हा पडदा दूर करण्याचा मार्ग म्हणजे लोकांना आपला शब्दसंग्रह पाठ करायला लावणे, अशी समजूत बराच काळ होती. गडचिरोलीत तिला वेगळे वळण मिळाले.

४. गडचिरोली : आधी ऐकणे

डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले. त्यांपैकी केवळ ८ टक्के स्त्रियांची यापूर्वी कधी अशी तपासणी झाली होती. हे आकडे जगभर उद्धृत झाले आणि ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण व नसबंदी, ही समजूत त्यांनी मोडली.

मात्र समीक्षेच्या दृष्टीने आकड्यांपेक्षा त्यांच्यामागील पद्धत अधिक महत्त्वाची आहे. स्त्रिया आपल्या आजाराला काय म्हणतात, पांढरे जाण्याची कोणती कारणे त्या सांगतात, कोणत्या खाण्याने ते वाढते असे त्यांना वाटते, ही सगळी माहिती अज्ञान म्हणून बाजूला न सारता ज्ञानाचा एक प्रकार म्हणून नोंदविली गेली. डॉ. राणी बंग यांच्या मराठी पुस्तकाचे नाव 'कानोसा' आहे, हे या संदर्भात सूचक आहे. कानोसा घेणारा आधी थांबतो आणि आपला आवाज बंद करतो. पुढे 'तारुण्यभान' या त्यांच्या उपक्रमाने तरुण मुलामुलींशी मोकळा संवाद साधला. कर्व्यांचे प्रश्नोत्तर-पान येथे कागदावरून उठून सभागृहात आले, असे म्हणता येईल.

राजस्थानातील अजमेर परिसरात १९८० च्या दशकात झालेला एक प्रयोगही याच जातीचा आहे. ग्रामीण स्त्रियांनी कार्यकर्त्यांबरोबर बसून 'शरीर की जानकारी' हे पुस्तक तयार केले आणि ते १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. नग्न शरीराची चित्रे त्यांना खटकली, कारण स्त्री तशी कधी दिसतच नाही. म्हणून चित्रातील घागरा उचलला की आतील अवयव दिसावेत अशी रचना करण्यात आली. लाज मोडून काढण्याऐवजी तिला वळसा घालून माहिती देता येते, ही सूझ कोणत्याही तज्ज्ञसमितीची नव्हती. ती वाचकाची होती.

५. मुंबईच्या झोपडपट्ट्या : आजाराच्या शब्दातील जगणे

खेड्यातून शहराकडे आल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलते. दहा बाय दहाच्या खोलीत एकांत नसतो, शौचालय सार्वजनिक असते, पाण्याची वेळ ठरलेली असते, शेजार ओळखीचा असतोच असे नाही. मुंबईतील वस्त्यांमध्ये २००० नंतरच्या दशकात झालेल्या 'रिश्ता' या संशोधनप्रकल्पाने पुरुषांच्या 'गुप्तरोग' या शब्दाचा अर्थ तपासला. पुरुष या शब्दाखाली केवळ संसर्गजन्य रोग सांगत नव्हते. कमजोरी, वीर्यनाशाची भीती, बायकोला आपण पुरे पडत नाही ही चिंता, हे सगळे त्यात सामावले होते. संशोधकांनी ही भीती हास्यास्पद न मानता तिलाच संवादाचे दार केले. 'गुप्तरोग' सांगायला आलेल्या पुरुषाशी मग मद्यपान, वैवाहिक संबंध आणि कंडोम यांविषयीही बोलता येऊ लागले.

स्त्रियांच्या 'सफेद पाणी' या तक्रारीविषयी मुंबईतच झालेल्या अभ्यासांतून असाच निष्कर्ष पुढे आला. या तक्रारीचा संबंध अनेकदा प्रयोगशाळेत दिसणाऱ्या संसर्गाशी जुळत नव्हता. तो नवऱ्याचे दारू पिणे, घरातील भांडणे आणि ज्याला बोलीत 'टेन्शन' म्हणतात त्या मानसिक ताणाशी जुळत होता. म्हणजे अंगावरून जाते असे सांगणारी स्त्री केवळ लक्षण सांगत नसते, तर आपले जगणे सांगत असते. तिला गोळ्यांची पुडी दिली तर तिच्या वाक्याचा अर्धाच भाग ऐकला गेला असे होते. आणि सगळे मनाचेच आहे म्हणून परत पाठविले तर खरा संसर्ग दुर्लक्षित राहतो. दोन्ही अर्थ एकाच वेळी हाती धरणारा वाचक येथे हवा.

२००६ च्या सुमारास मुंबईतील तरुणांबरोबर 'यारी-दोस्ती' हा उपक्रम झाला. पॉप्युलेशन कौन्सिल आणि कोरो या संस्थांनी ब्राझीलमधील एका कार्यक्रमाच्या आधारे तो आखला होता. वस्तीतील मुलांनीच गटाचे नेतृत्व करावे आणि मर्दपणा म्हणजे काय याची चर्चा करावी, हे त्याचे स्वरूप होते. सांगलीत 'संग्राम' आणि 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' यांच्या कामात तर वेश्याव्यवसायातील स्त्रियाच शिक्षिका झाल्या. ज्यांना रोगाचे उगमस्थान मानले जात होते त्यांनीच रोगाविषयीचे ज्ञान हाती घेतले. या सर्व प्रयत्नांतून एक समान सूत्र हाती लागते. प्रश्नकर्ता आणि उत्तरकर्ता यांच्यातील अंतर जितके कमी, तितका शब्द पुढे जातो.

६. नंदुरबार : नकाशातून सुटलेली वस्ती

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी, होती. जिल्ह्याच्या आरोग्याची चर्चा साहजिकच धडगाव आणि अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यांभोवती फिरते. नर्मदेच्या जलाशयातील तरंगते दवाखाने, डोंगरातून झोळीत आणलेली बाळंतीण, कुपोषण, हे प्रश्न खरे आणि तातडीचे आहेत. परंतु त्यांच्या छायेत नंदुरबार, शहादा, तळोदा आणि नवापूर या शहरांच्या कडेला वाढलेल्या वस्त्या दिसेनाशा होतात.

यामागे धोरणात्मक कारणही आहे. २०१३ मध्ये मंजूर झालेले राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान ५० हजारांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी आणि जिल्हा मुख्यालयांसाठी आखले गेले. २०११ मध्ये नंदुरबार शहराची लोकसंख्या १ लाख ११ हजार आणि शहाद्याची ६० हजारांच्या पुढे होती. तळोदा आणि नवापूर ही गावे मात्र या मर्यादेखाली राहिली. ती ग्रामीण अभियानाकडे सोपविली गेली. कार्यालयाच्या दृष्टीने तेथील झोपडपट्टी खेड्यात गणली जाते आणि खेड्याच्या दृष्टीने ती शहरात असते. त्यातच दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी आणि मजुरीसाठी गुजरातकडे जाणारी आणि होळीला परतणारी कुटुंबे अनेक. वर्षातून एकदा होणारे शिबिर त्यांना गाठण्याची शक्यता कमीच.

भाषेचा प्रश्न येथे सर्वाधिक तीव्र आहे. भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी आणि सीमेवरची गुजराती अशा अनेक बोली एका वस्तीत ऐकू येतात. 'प्रजनन आरोग्य' हा शब्द येथे केवळ कठीण नव्हे, तर परका आहे. ज्या मुलीची घरची भाषा पावरी आहे तिच्यासाठी प्रमाण मराठी ही शाळेची भाषा होय, आणि शाळेत शरीराविषयी बोलायचे नसते हे ती पहिल्या इयत्तेपासून शिकलेली असते. परिणामी आरोग्यशिक्षणाची भाषा आणि मौनाची भाषा एकच ठरते.

याहून गंभीर बाब म्हणजे शिक्षक बरोबर घेऊन येणारी लाज. भिल्ल, पावरा इत्यादी समाजांत जोडीदार निवडण्यात तरुणांच्या इच्छेला असलेले स्थान, स्त्रीच्या पुनर्विवाहाला असलेली मान्यता, हुंड्याऐवजी देज देण्याची रीत, यांमुळे लैंगिकतेकडे पाहण्याची चौकट मध्यमवर्गीय मराठी चौकटीहून वेगळी राहिली. शहरातून येणारा व्याख्याता हे वेगळेपण मागासलेपण समजतो आणि आरोग्याच्या नावाखाली आपली नीतिकल्पना देऊन जातो. याचा अर्थ आदिवासी परंपरा सर्वस्वी निर्दोष आहे असा नाही. मूल दगावले की एखाद्या बाईला डाकीण ठरविण्याचा प्रकारही याच प्रदेशातला आहे, आणि लवकर होणाऱ्या विवाहांची किंमत मुलींचे शरीरच मोजते. परंतु चिकित्सा आतून व्हावी लागते, आणि तशी ती झालेलीही आहे. १९७२-७३ च्या काळात शहादा परिसरात श्रमिक संघटनेच्या चळवळीत आदिवासी स्त्रियांनी शिबिरात एकत्र येऊन नवऱ्याच्या मारहाणीविषयी जाहीरपणे बोलण्यास सुरुवात केली आणि दारूचे अड्डे उद्ध्वस्त केले. दारू, मारहाण आणि अंगावरचे दुखणे यांचा जो संबंध मुंबईच्या अभ्यासकांनी पुढे दाखविला, तो या स्त्रियांना अभ्यासाविनाच ठाऊक होता.

याच चळवळीतील कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही 'गोधड' (१९८७) या संग्रहातील कविता मराठी वाचकांना परिचित आहे. व्यासपीठावरून दुसऱ्यांचे दुःख सांगणारे आणि खाली बसून स्वतःचेच दुःख ऐकणारे यांच्यातील अंतर हा तिचा विषय आहे. आरोग्यशिक्षणाच्या समीक्षेसाठी नंदुरबारला बाहेरून निकष आणण्याची गरज नाही. तो येथील साहित्यानेच दिलेला आहे.

७. कायदा आणि बोलण्याचे भय

वस्तीतील मुलीने प्रश्न विचारावा असे म्हणताना आणखी एका वास्तवाची दखल घ्यावी लागते. २०१२ च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीशी आलेला लैंगिक संबंध गुन्हा ठरतो आणि त्याची माहिती असणाऱ्याने ती कळविणे बंधनकारक आहे. कायद्याचा हेतू निःसंशय योग्य आहे. बालविवाह रोखण्यासाठी नंदुरबार पोलिसांनी २०२३ मध्ये 'ऑपरेशन अक्षता' ही मोहीमही सुरू केली. परंतु आधीच दिवस गेलेल्या १७ वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने दवाखान्याचे दार आणि पोलीस ठाण्याचे दार एकच होऊन बसते. मग वय वाढवून सांगितले जाते किंवा दवाखानाच टाळला जातो. जेथे रक्तक्षय आणि लहान वयातील बाळंतपण एकत्र येतात, तेथे हे टाळणे जिवावर बेतू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात गर्भपाताच्या संदर्भात याची दखल घेतली. अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास, पोलिसांना द्यावयाच्या माहितीत तिची ओळख उघड करण्याचे बंधन डॉक्टरवर राहणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. हा निकाल वस्तीतील किती मुलींपर्यंत, किंबहुना किती शिक्षकांपर्यंत पोहोचला, हा आरोग्यशिक्षणाचा खरा प्रश्न आहे. भिंतीवर बालविवाहाच्या शिक्षेचे फलक लागतात. विवाह झालाच असेल तर मुलीने कोठे जावे, हे सांगणारा फलक विरळा.

८. एक आक्षेप आणि त्याचा विचार

वरील मांडणीवर असा आक्षेप घेता येईल की, लोकांच्या शब्दांना इतके महत्त्व दिल्यास त्यांच्या गैरसमजुतींनाही मान्यता मिळेल. वीर्यनाशाने कमजोरी येते, पाळीत पाणी घातल्यास आजार होतो, पिशवी काढली की सगळी दुखणी संपतात, या समजुती घातकच आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याचे जे प्रमाण २०१९ मध्ये उघड झाले, त्यामागे हीच शेवटची समजूत, आर्थिक दडपण आणि खासगी वैद्यकाचा स्वार्थ अशी तिन्ही कारणे होती. ऊसतोडीला जाणाऱ्या नंदुरबारच्या स्त्रियांसाठी हा इशारा दूरचा नाही.

आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचे उत्तर ऐकणे थांबविण्यात नाही. ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे. कर्व्यांनी वाचकाचा प्रश्न छापला आणि त्याचा गैरसमजही स्पष्ट शब्दांत खोडला. 'रिश्ता'च्या संशोधकांनी 'कमजोरी' हा शब्द स्वीकारला, पण तेथेच थांबले नाहीत. शास्त्रीय उत्तराला पर्याय नाही. प्रश्न इतकाच की ते उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे. पिशवी काढण्याची सक्ती नसलेल्या स्त्रीला ती काढावीशी का वाटते, हे तिलाच विचारले तर तोडीवर असताना पाळीचे कापड धुवायला पाणी नसते आणि एका दिवसाच्या खाड्याला दंड असतो, ही उत्तरे मिळतात. गर्भाशयाच्या आकृतीत ती सापडत नाहीत.

समारोप

या चिकित्सेचा रोख महाविद्यालयांकडेही वळतो. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरे, रेड रिबन क्लब, १ डिसेंबरची जागतिक एड्स दिनाची फेरी या मार्गांनी महाविद्यालये वस्तीत जातातच. जाताना फलक, पत्रके आणि पाहुणे वक्ते बरोबर असतात. परतताना छायाचित्रे येतात. वस्तीतला एकही प्रश्न परत येत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील महाविद्यालयांना या बाबतीत एक फायदा आहे, जो पुण्या-मुंबईच्या संस्थांना नाही. त्यांच्या वर्गात पावरी, मावची, भिली, अहिराणी बोलणारे विद्यार्थी बसलेले असतात, आणि त्यांतील कित्येक याच वस्त्यांतून येतात. शरीर, पाळी, गर्भ आणि दुखणी यांविषयीचे बोलीतील शब्द त्यांच्या मदतीने, विद्यार्थिनींनी स्त्रियांकडून आणि विद्यार्थ्यांनी पुरुषांकडून, गोळा करणे हे मराठी, समाजशास्त्र आणि गृहविज्ञान विभागांना मिळून करता येण्याजोगे काम आहे. त्यासाठी कोणाचे नाव, वय किंवा खासगी अनुभव विचारण्याची गरज नाही. शब्द आणि शंका एवढेच पुरे. लेखी प्रश्नपेटीऐवजी बोलून सांगता येतील असे छोटे गट, आणि गट भरविण्यापूर्वीच तपासणीसाठी बोलणी केलेली एखादी परिचारिका किंवा डॉक्टर, ही त्याची किमान पूर्वतयारी होय. प्रश्न उघडा करून उपचार न देणे हे मौनापेक्षा वाईट ठरते.

कर्व्यांच्या मासिकाला १९२७ मध्ये लिहिता-वाचता येणाऱ्यांचेच प्रश्न मिळाले. ती त्या काळाची मर्यादा होती. तळोद्याच्या किंवा नवापूरच्या वस्तीतील निरक्षर स्त्रीचा प्रश्न आजही त्या पानावर येत नसेल, तर ती मर्यादा काळाची म्हणता येणार नाही. तिची मुलगी आता महाविद्यालयाच्या वर्गात बसलेली आहे. आईची भाषा तिला येते आणि पाठ्यपुस्तकाचीही येते. या दोन भाषांमध्ये ये-जा करण्याचे काम अभ्यासक्रमाने तिच्याकडे अद्याप मागितलेले नाही.